त्वचेचें औषध आणि गर्भाचा मेंदू

तारुण्यपिटिका म्हणजे वयाबरोबर येणारी व वयाबरोबर जाणारी गोष्ट, असें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना वाटतें. चार दिवस मुलतानी माती लावावी, तेलकट खाणें कमी करावें आणि वय वाढूं द्यावें, एवढ्यावर बहुतेक घरांत हा विषय संपतो. आणि बहुतेक मुलामुलींच्या बाबतींत तें खरेंहि असतें. परंतु कांहीं थोड्यांच्या वांट्याला या रोगाचें फार उग्र रूप येतें. त्यांच्या गालांवर, मानेवर, पाठीवर, त्वचेच्या खोल थरांत पुवानें व द्रवानें भरलेल्या गांठी होतात. त्या ठणकतात, फुटतात, आणि बऱ्या झाल्या तरी खोल व्रण मागें ठेवतात. आरसा टाळणारा, फोटो काढण्याच्या वेळीं मागें सरणारा, लग्नकार्यास जाण्याचें नाकारणारा तरुण किंवा तरुणी ज्या घरांत असते, त्या घराला या रोगास क्षुल्लक म्हणवत नाहीं. वैद्यकांत अशा गांठींना सिस्ट म्हणतात. सिस्ट म्हणजे द्रवानें किंवा तशाच पातळ पदार्थानें भरलेली पिशवी.

या पिशव्या नाहींशा करणारें एक औषध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत पुढें आलें, आणि त्यानें असंख्य तरुणांचे चेहरे निवळले. परंतु तें औषध घेत असतां ज्या स्त्रियांना गर्भ राहिला, त्यांच्यापैकीं कांहींच्या मुलांचा मेंदू सदोष घडलेला आढळला. कोणाच्या डोक्यांत पाणी सांचलें होतें, तर कोणाच्या मेंदूच्या मागील भागीं निराळ्याच प्रकारची, द्रवानें भरलेली पिशवी तयार झाली होती. आईच्या त्वचेंतील पिशवी घालविणारें द्रव्य मुलाच्या मेंदूंत पिशवी उत्पन्न करूं शकतें, हा संबंध शास्त्रज्ञांनीं कसा ओळखला, आणि ओळखल्यावरहि तो अनर्थ टाळणें इतकें अवघड कां झालें, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

औषधाचें नांव आयसोट्रेटिनॉइन. नांव कठीण असलें तरी त्याचें कुळ ओळखीचें आहे. दूध, लोणी, अंडीं व माशांच्या यकृताचें तेल यांत अ जीवनसत्त्व असतें, आणि तें न मिळाल्यास रातांधळेपणा येतो, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. या जीवनसत्त्वापासून शरीर रेटिनॉइक ॲसिड नांवाचें आम्ल स्वतःच अत्यल्प प्रमाणांत तयार करतें. पेशींनीं केव्हां वाढावें व कोणतें रूप घ्यावें, याविषयींच्या कित्येक आज्ञा हें आम्ल पोंचवितें. आयसोट्रेटिनॉइन हें त्याच आम्लाचें किंचित् निराळ्या घडणीचें भावंड होय. तें पोटांत घेतलें कीं त्वचेंतील तैलग्रंथी आकसतात, तेलाचा स्राव शेंकडा ९० पर्यंत घटूं शकतो, आणि गांठी धरण्याचें मूळच क्षीण होतें.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील डॉक्टर गॅरी पेक व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ सालीं आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. दुसऱ्या उपायांस दाद न देणाऱ्या १४ रोग्यांना त्यांनीं हें औषध चार महिने दिलें. त्यांपैकीं १३ जणांची त्वचा पूर्ण निवळली, आणि औषध थांबविल्यावरहि कित्येक महिने रोगानें पुन्हां डोकें वर काढलें नाहीं. वर्षानुवर्षें मलमें व प्रतिजैविकें यांवर दिवस काढणाऱ्या रोग्यांच्या दृष्टीनें ही मोठीच घटना होती. १९८२ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें औषधास मंजुरी दिली, आणि हॉफमन-ला रोश या कंपनीनें तें ॲक्युटेन या नांवानें बाजारांत आणलें.

येथें एक गोष्ट आरंभींच लक्षांत घेतली पाहिजे. हें औषध गर्भाला घातक ठरेल हें मंजुरीच्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें, असें नाहीं. अ जीवनसत्त्व आणि गर्भाची घडण यांचा संबंध त्यापूर्वीं कित्येक वर्षें माहीत होता. टेक्सासमधील फ्रेड हेल या संशोधकानें एका डुकरिणीला अ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. तिला ११ पिलें झालीं, आणि त्यांपैकीं एकाच्याहि डोळ्याच्या खांचेंत नेत्रगोल नव्हता. हा वृत्तान्त १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९५३ सालीं सिडनी कोहलन या डॉक्टरानें नेमका उलट प्रयोग केला. गाभण उंदरिणींना त्यानें अ जीवनसत्त्व अतोनात दिलें. तेव्हांहि पिलें सव्यंग निपजलीं, आणि त्यांच्या मेंदूची व कवटीची वाढ बिघडलेली आढळली. अभावानें जें घडतें तसलेंच अतिरेकानेंहि घडतें, हें या दोन प्रयोगांनीं दाखविलें. अति तेथें माती ही म्हण पोषणशास्त्रांत याहून चांगल्या रीतीनें क्वचितच सिद्ध झाली असेल. यास्तव नव्या औषधाबरोबरच्या माहितीपत्रकांत, गरोदर स्त्रीनें तें घेऊं नये, असा निषेध आरंभापासूनच छापलेला होता.

छापील निषेध आणि प्रत्यक्ष आचरण यांमधलें अंतर मात्र लवकरच दिसून आलें. औषध बाजारांत येऊन पुरें वर्षहि झालें नव्हतें, तोंच सव्यंग अर्भकांच्या बातम्या येऊं लागल्या. अन्न व औषध प्रशासनांतील डॉक्टर फ्रान्झ रोझा यांनीं १९८३ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांतून या धोक्याकडे वैद्यकीय जगाचें लक्ष वेधलें. असें होण्याचीं कारणें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. हें औषध घेणाऱ्यांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी होती. उपचार चार-पांच महिने चालत असे, आणि तेवढ्या अवधींत एखादीला अनपेक्षितपणें दिवस जाणें अशक्य नव्हतें. शिवाय जें औषध केवळ उग्र रोगासाठीं योजिलेलें होतें, तें सौम्य रोगासाठींहि दिलें जाऊं लागलें. चेहरा लवकर स्वच्छ व्हावा ही इच्छा एका बाजूस, आणि बारीक अक्षरांत छापलेला निषेध दुसऱ्या बाजूस, अशी ती असमान झुंज होती.

या प्रसंगीं थॅलिडोमाइडची आठवण होणें स्वाभाविक आहे. पश्चिम जर्मनींत १९५७ सालीं विक्रीस आलेलें तें झोपेचें औषध गरोदर स्त्रियांनीं मळमळीवर घेतलें, आणि हातपाय खुंटलेलीं दहा हजारांहून अधिक मुलें निरनिराळ्या देशांत जन्मलीं. १९६१ च्या अखेरीस तें जर्मनींत मागें घेण्यांत आलें. तथापि त्या प्रकरणांत आणि या प्रकरणांत महत्त्वाचा भेद आहे. थॅलिडोमाइडचा धोका कोणास आधीं कळला नव्हता. उंदरांवर त्याचा तसा परिणाम सहसा दिसत नाहीं, आणि गरोदर जनावरांवर त्याची नीट परीक्षाहि झालेली नव्हती. आयसोट्रेटिनॉइनच्या बाबतींत जनावरांनीं आधींच साक्ष दिली होती, ती साक्ष कागदावर उतरली होती, आणि तरीहि जें टाळावयाचें तें घडलें. पहिल्या अनर्थाचें कारण अज्ञान हें होतें. दुसऱ्याच्या वेळीं ज्ञान होतें. तें जिच्या पोटांत गोळी जात होती तिच्यापर्यंत पोंचलें नव्हतें, किंवा पोंचून तिच्या मनावर ठसलें नव्हतें.

१९८५ सालीं डॉक्टर एडवर्ड लॅमर व त्यांचे सहकारी यांनीं या सर्व हकीकतींचा पद्धतशीर हिशेब प्रसिद्ध केला. त्यांनीं एकंदर १५४ गरोदरपणें तपासलीं. त्यांपैकीं ९५ स्त्रियांनीं गर्भपात करवून घेतला. उरलेल्या ५९ पैकीं १२ गर्भ आपोआप गळाले, २६ मुलें मोठ्या व्यंगावांचून जन्मलीं, आणि २१ मुलें सव्यंग जन्मलीं. परंतु एवढ्यावरून धोक्याचें प्रमाण काढणें बरोबर झालें नसतें. मूल सव्यंग जन्मलें म्हणजे त्याची बातमी डॉक्टर कळवितो. निरोगी जन्मलें तर कोण कशाला कळवितो? म्हणून संशोधकांनीं १५४ पैकीं ३६ गरोदरपणें वेगळीं काढलीं. त्यांची नोंद परिणाम ठाऊक होण्यापूर्वींच झालेली होती, आणि म्हणून ती निःपक्ष होती. या ३६ पैकीं ८ गर्भ गळाले, २३ मुलें मोठ्या व्यंगावांचून जन्मलीं व ५ सव्यंग जन्मलीं. म्हणजे जन्मास आलेल्या २८ मुलांपैकीं ५, अर्थात् शेंकडा सुमारें १८. एरवीं कोणत्याहि समाजांत जन्मणाऱ्या मुलांत मोठ्या व्यंगांचें प्रमाण शेंकडा तीनच्या आसपास असतें, आणि त्यांत सर्व जातींचीं व्यंगें येतात. या औषधाशीं निगडित अशीं जीं विशिष्ट व्यंगें होतीं, केवळ त्यांचाच विचार केला, तर धोका पंचवीस पटींहून अधिक भरला.

आंकड्यांहूनहि अधिक बोलकी गोष्ट म्हणजे व्यंगांची जात. २१ मुलांपैकीं १५ जणांचे कान फार लहान होते किंवा मुळींच नव्हते. आठांच्या हृदयांत अथवा हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दोष होता. सातांच्या छातींतील थायमस नांवाची ग्रंथी सदोष होती. आणि १८ मुलांच्या मेंदूंत किंवा मज्जासंस्थेंत व्यंग होतें. निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एकच विचित्र चूक पुन्हां पुन्हां आढळली, म्हणजे ती कोठून तरी एकाच ठिकाणाहून आली आहे हें शिक्षकाला सांगावें लागत नाहीं. निरनिराळ्या गांवच्या, एकमेकींस न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या मुलांत कान, हृदय, थायमस व मेंदू हीच चौकडी पुन्हां पुन्हां दिसूं लागली, तेव्हां योगायोगाची शंका उरली नाहीं.

आतां त्या मेंदूंतील पिशवीकडे वळूं. मेंदू भरीव असतो असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याच्या आंत एकमेकींस जोडलेल्या चार पोकळ्या असतात, आणि त्यांत पाण्यासारखा निवळ द्रव सतत पाझरत असतो. प्रौढ माणसाच्या मेंदूभोंवतीं व मज्जारज्जूभोंवतीं मिळून कोणत्याहि क्षणीं सुमारें १५० घनसेंटिमीटर द्रव असतो. परंतु दिवसाकाठीं सुमारें ५०० घनसेंटिमीटर नवा द्रव तयार होतो, आणि तितकाच जुना द्रव रक्तांत शोषला जातो. चौथी पोकळी डोक्याच्या मागील भागीं, मेंदूचा देठ आणि लहान मेंदू यांच्यामध्यें असते. लहान मेंदू म्हणजे शरीराचा तोल व हालचालींचा मेळ राखणारा भाग. गर्भावस्थेंत लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याची वाढ खुंटली, तर चौथ्या पोकळीचें जणूं छप्परच पुरें होत नाहीं. ती पोकळी मागें फुगत जाते, आणि लहान मेंदूच्या जागीं द्रवानें भरलेली एक मोठी पिशवी दिसूं लागते. बाल्टिमोर येथील वॉल्टर डँडी व केनेथ ब्लॅकफन यांनीं १९१४ सालीं आणि पुढें १९४२ सालीं टॅगार्ट व वॉकर यांनीं या विकृतीचें वर्णन केलें. १९५४ पासून ती डँडी-वॉकर या नांवानें ओळखली जाते. अशा कित्येक मुलांच्या डोक्यांत पाणी सांचत जातें व डोकें वाढूं लागतें. मग शस्त्रक्रिया करून एक बारीक नळी बसवावी लागते, आणि तिच्यावाटें जादा द्रव पोटाच्या पोकळींत उतरविला जातो. पुष्कळदां ती नळी जन्मभर सांभाळावी लागते.

औषधाचा घाव नेमका याच जागीं कां पडावा? याचें उत्तर गर्भाच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत आहे. त्या वेळीं भावी मेंदू ही केवळ एक नळी असते. तिचा कोणता भाग पुढचा व कोणता मागचा, हें पेशींना रेटिनॉइक आम्लाच्या कमीअधिक प्रमाणावरून कळतें. मेंदूच्या मागच्या भागाची आंखणी तर विशेषेंकरून या आम्लावर अवलंबून असते. शिवाय त्याच भागाच्या कडेवरून पेशींचे जथे निघतात आणि, एकाच स्टेशनांतून निरनिराळ्या गांवांस निघणाऱ्या गाड्यांप्रमाणें, कांहीं कानाकडे, कांहीं जबड्याकडे, कांहीं हृदयाकडे तर कांहीं थायमसकडे जातात. स्टेशनांतच गोंधळ उडाला, तर सर्व गांवीं एकदमच खोळंबा होतो. कान, हृदय, थायमस व मेंदूचा मागील भाग यांचीं व्यंगें एकत्र कां येतात, हें कोडें येथें सुटतें. शरीर स्वतः हें आम्ल मोजून मापून तयार करतें, आणि काम झालें कीं तें नष्टहि करतें. बाहेरून आलेलें औषध हें माप बिघडवून टाकतें. १९८७ सालीं स्ट्रासबुर्ग येथील पिएर शाँबाँ आणि कॅलिफोर्नियांतील रोनाल्ड एव्हान्स यांच्या मंडळींनीं स्वतंत्रपणें असें दाखविलें कीं, हें आम्ल पेशीच्या केंद्रांतील एका विशिष्ट प्रथिनास चिकटतें व त्याच्यामार्फत जनुकांना जागें करतें. जनावरांवरील जुन्या प्रयोगांत जें दिसलें होतें, त्याची किल्ली अशा रीतीनें हातीं आली.

हें सर्व घडण्याचा काळ फार अल्प असतो, आणि खरा धोका त्यांतच आहे. गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या ते पांचव्या आठवड्यांत मेंदूची नळी बंद होते आणि पेशींचे ते जथे प्रवासास निघतात. त्या वेळीं पुष्कळ स्त्रियांची पाळी जेमतेम चुकलेली असते. कित्येकींना आपल्याला दिवस गेल्याची शंकाहि आलेली नसते. दिवस गेल्याचें कळल्यावर औषध थांबवूं, असें म्हणणारीला तें थांबविण्यास उशीर झालेला असतो. म्हणून सावधगिरी गर्भ राहण्यापूर्वींच घ्यावी लागते. एक दिलाशाची गोष्ट अशी कीं, आयसोट्रेटिनॉइन शरीरांतून लवकर निघून जातें. औषध बंद केल्यावर एक महिना जाऊं दिला म्हणजे गर्भ राहण्यास हरकत नसते, असा दंडक आहे. सोरायसिस या त्वचारोगावरील एट्रेटिनेट हें त्याच कुळांतील दुसरें औषध मात्र चरबींत वर्षानुवर्षें सांठून राहतें. अमेरिकेंत १९९८ सालीं त्याची विक्री बंद झाली.

जन्मतः निर्दोष दिसणाऱ्या मुलांविषयीं तरी निश्चिंत राहतां येईल काय, असा प्रश्न साहजिकच येतो. या मुलांपैकीं कांहींची पांचव्या वर्षीं बुद्धिपरीक्षा घेण्यांत आली. ज्यांच्या शरीरांत मोठें व्यंग नव्हतें अशांपैकींहि कित्येक मुलें आकलनांत मागें पडलेलीं आढळलीं. कान व हृदय दिसतें वा तपासतां येतें; मेंदूची सूक्ष्म घडण मात्र मूल शाळेच्या वयाचें होईपर्यंत आपला दोष उघड करीत नाहीं.

इशारा अधिक ठळक करण्याचे प्रयत्न पुढें अनेक झाले. १९८८ सालीं गर्भप्रतिबंधाचा खास कार्यक्रम सुरू करण्यांत आला. औषधाच्या पाकिटावर सव्यंग अर्भकाचें चित्र आलें, आणि गरोदर स्त्रीच्या आकृतीवर आडवी रेघ मारलेलें चिन्ह छापलें गेलें. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनाहि अर्थ कळावा, हा हेतु उघड होता. परंतु तें चिन्ह लोकांना कसें समजतें याची पुढें पाहणी केली, तेव्हां कित्येक स्त्रियांनीं त्याचा अर्थ असा लावला कीं, ही गोळी घेतली असतां गर्भ राहत नाहीं! ज्या स्त्रीनें तो अर्थ खरा मानला तिच्यावर काय प्रसंग ओढवेल, हें सांगावयास नको. चित्र काढणाऱ्याला जें स्पष्ट वाटतें, तें पाहणाऱ्यालाहि तसेंच वाटेल अशी खात्री धरतां येत नाहीं. म्हणून चित्राबरोबर शब्द हवेत, आणि शब्दांबरोबर ते समजावून सांगणारा मनुष्य हवा.

२००६ सालीं अमेरिकेंत आय-प्लेज नांवाची आणखी कडक व्यवस्था आली. डॉक्टर, औषधविक्रेता व रोगी या सर्वांची नोंदणी सक्तीची झाली. गर्भ राहूं शकेल अशा स्त्रीनें उपचारापूर्वीं दोनदां आणि नंतर दर महिन्यास गर्भाची चाचणी करावी, दोन प्रकारचीं गर्भनिरोधक साधनें वापरावींत, आणि एका वेळीं महिन्याभराहून अधिक औषध मिळूं नये, असे नियम झाले. तरीहि २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियांतील एका अभ्यासांत असें दिसलें कीं, पूर्वींच्या पद्धतींत दर हजार उपचारांमागें ३.११ स्त्रियांना गर्भ राहत असे, तो आंकडा नव्या व्यवस्थेंत २.६७ झाला. हा फरक इतका लहान आहे कीं तो नियमांमुळेंच पडला असें संशोधकांना म्हणतां आलें नाहीं. मूळ कंपनीनें ॲक्युटेनची विक्री अमेरिकेंत २००९ सालीं थांबविली. परंतु औषध इतर नांवांनीं तेथेंहि व जगभरहि मिळतें. भारतांतहि तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलें जातें. उग्र रोगावर त्याच्या तोडीचें दुसरें औषध नसल्यामुळें तें टाकून देणेंहि शहाणपणाचें नाहीं.

या हकीकतीवरून भलतीच भीति मात्र कोणी घेऊं नये. औषध घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या स्वतःच्या मेंदूंत त्यामुळें पिशवी होते, असें आढळलेलें नाहीं. क्वचित् डोक्यांतील द्रवाचा दाब वाढून तीव्र डोकेदुखी व अंधुक दृष्टि हीं लक्षणें दिसतात, विशेषतः टेट्रासायक्लिन जातीचें प्रतिजैविक त्याच वेळीं घेतल्यास. तसें झाल्यास तत्काळ डॉक्टरांस कळवावें. चेहऱ्यास लावण्याच्या मलमाची गोष्टहि निराळी आहे. त्याच कुळांतील ट्रेटिनॉइनचें मलम गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत लावलेल्या २१५ स्त्रियांची तुलना न लावलेल्या ४३० स्त्रियांशीं केली, तेव्हां व्यंगांचें प्रमाण वाढलेलें दिसलें नाहीं, असें १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. तरीहि गरोदरपणीं असें मलम टाळावें असाच सल्ला डॉक्टर देतात. तसेंच, डँडी-वॉकर विकृति असलेल्या मुलाच्या आईनें कोणती तरी गोळी घेतलीच असेल, असा तर्क करणें अन्यायाचें होय. त्या विकृतीचीं आनुवंशिक व अन्य कारणें अनेक आहेत, आणि हें औषध त्यांतील फार लहान वांट्याचें धनी आहे.

आहाराविषयींहि एक शब्द. गाजर, आंबा, भोपळा व पालेभाज्या यांतील द्रव्यापासून शरीर आपल्या गरजेपुरतेंच अ जीवनसत्त्व बनवितें. त्यामुळें गरोदर स्त्रीनें तीं निर्धास्त खावींत. शक्तीच्या म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचें तसें नाहीं. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणींत, गोळ्यांवाटें रोज १०,००० एककांहून अधिक तयार अ जीवनसत्त्व घेणाऱ्या स्त्रियांच्या मुलांत, दर ५७ मुलांमागें एकाच्या व्यंगाचें कारण त्या गोळ्या असावें असा हिशेब निघाला. डॉक्टरांनीं दिलेली एक गोळी पुरे असतां हौसेनें दुसरी घेण्यानें बाळाचें पोषण वाढत नाहीं.

शेवटीं प्रश्न राहतो तो घरांतील वागणुकीचा. त्वचेच्या डॉक्टरांनीं तरुण मुलीला पाळीविषयीं किंवा गर्भाविषयीं विचारलें, तर पुष्कळ घरांत तो प्रश्न अस्थानीं वाटतो. आई संकोचते, मुलगी मान खालीं घालते, आणि आलेल्या उत्तरांत अर्धी गोष्ट राहून जाते. नव्यानें लग्न झालेली स्त्री सासरीं गेल्यावर माहेरचें औषध पुढें चालू ठेवते, आणि तें कशाचें आहे हें तिकडे कोणास ठाऊकहि नसतें. बहिणीचा चेहरा स्वच्छ झालेला पाहून धाकटी बहीण कपाटांतील उरलेल्या गोळ्या घेते. नियम, चिन्हें व नोंदवह्या हीं सरकारें करूं शकतात. या तीन ठिकाणीं तीं पोंचत नाहींत. तेथें डॉक्टरांचा प्रश्न निःसंकोचपणें ऐकून घेणें, त्याचें खरें उत्तर देणें, औषधाचें नांव घरांतील जबाबदार माणसास सांगून ठेवणें, आणि उपचार संपल्यावर उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कोणासहि न देतां औषधाच्या दुकानीं परत करणें किंवा नष्ट करणें, एवढें प्रत्येक कुटुंबास करतां येण्यासारखें आहे. ज्या मुलाच्या डोक्यांतील नळी जन्मभर सांभाळावी लागते, त्याच्या आईबापांना या चार गोष्टी वेळेवर कळल्या असत्या, तर त्यांनीं त्या आनंदानें केल्या असत्या.